चेंडूस विटाळ नाही

पैसा घेऊन खेळणारा तो चाकर आणि हौसेने खेळणारा तो सभ्य गृहस्थ, हा विलायती भेद आमच्या जातिभेदास येऊन मिळाला तेव्हा काय झाले, हे पाहावयाचे तर क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे चरित्र पाहावे. १८७६ साली चर्मकार कुळात जन्मलेला हा मुलगा पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदान राखी व साहेबांस सरावासाठी चेंडू टाकी. फलंदाजीची पाळी त्यास मिळत नसे. त्याची विद्या मजुरीतूनच आली. हौसेस सवड कोठून असणार?

पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांस संघात घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या विलायत-दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नायकत्व त्यांस लाभले नाही.

गुणाचा उपयोग करून घेणे म्हणजे गुणाचा आदर करणे काय? आम्हांस तसे वाटत नाही. नांदगाव खंडेश्वरासारख्या गावी विजयी मल्लास लोक खांद्यावर घेतात. पण घरच्या पंगतीस त्याचे पान मांडतात की नाही, हे विचारावयास हवे. साहेबाने दिलेले ४ रुपये थोडे खरे, परंतु त्यांत उपकाराची भाषा नव्हती. स्वकीयांनी मान दिला तो मात्र हातचा राखून. म्हणूनच १९२० साली नायकत्वाच्या प्रश्नावर विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनी हिंदू संघातून अंग काढून घेतले. विठ्ठल नायक झाले ते १९२३ साली.