बालग्रंथाची विद्या आणि सरहद्दीवरचा वाचक

मुलांसाठी लिहिणे हे प्रौढांसाठी लिहिण्याहून सोपे असते, हा समज आपल्या साहित्यव्यवहारात इतका खोल रुजला आहे, की ज्याला कथा साधत नाही आणि कादंबरी पेलत नाही तो निःशंक मनाने बालकथेकडे वळतो, आणि त्याच्या हस्तलिखिताची कसोशीने पारख करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. माझे मत याच्या उलट आहे. बालग्रंथाचे लेखन व प्रकाशन ही स्वतंत्र विद्या आहे. आणि ती शिकण्याचे स्थान पुण्या-मुंबईच्या प्रकाशनगृहांत जेवढे आहे, त्याहून अधिक ते बिलोलीसारख्या सरहद्दीवरच्या तालुक्यात आहे.

नांदेड जिल्ह्यातील हा तालुका तेलंगणाला भिडलेला. शाळेत मराठी, कित्येक घरांत तेलुगू, बाजारात उर्दू, आणि देगलूरच्या अंगाला गेले की कानडीही कानी पडते. मुंबई इलाख्यात 1881 साली विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक निघाले, 1906 साली वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ सुरू झाले, आणि या दोन मासिकांनी तिकडच्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली; त्या काळात हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, दरबारचे व दफ्तरचे कामकाज पुढे उर्दूत चालू लागले, माध्यमिक शाळेचे शिक्षणही बहुतांशी उर्दूतूनच मिळे. सप्टेंबर 1948 मध्ये ती राजवट संपली आणि 1956 साली मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. परंतु मुलाच्या हाती त्याच्या भाषेतील पुस्तक पडण्यास झालेला तो विलंब एका फर्मानाने भरून निघण्यासारखा नव्हता.

लेखकाने येथे काय शिकावे? पहिला धडा असा, की बालकथा आधी कानासाठी असते आणि मग डोळ्यांसाठी. तेलुगू बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला निर्जीव वस्तूंमध्येही पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा भेद करणारी मराठी प्रथम नवलाची वाटते; त्यामुळे ज्या वाक्यात विशेषणे आणि क्रियापदे लिंगवचनाप्रमाणे वारंवार रूप पालटतात, त्या वाक्यापाशी ते अडखळते. जोडाक्षरांची गर्दी, कर्ता आणि क्रियापद यांतील दीर्घ अंतर, पुस्तकी अलंकार, हे सारे दोष पुण्यातील मूल सवयीने झाकून नेते. बिलोलीतील मूल ते उघडे पाडते. म्हणून आपले हस्तलिखित येथील दुसरी-तिसरीच्या वर्गात स्वतः मोठ्याने वाचून दाखवावे, मुलांचे लक्ष जेथे ढळेल तेथे समासात खूण करावी, आणि तेवढा मजकूर घरी जाऊन पुन्हा लिहावा. याहून निःपक्षपाती परीक्षक कोणत्याही लेखकाला लाभणार नाही.

दुसरा धडा चित्रांचा. चित्र म्हणजे मजकुराची शोभा, ही कल्पना टाकून द्यावी लागते. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या, लेखणी आणि कुंचला दोन्ही हाताशी असलेल्या लेखिकेची पुस्तके पाहिली म्हणजे ध्यानी येते, की जे चित्राने सांगितले ते शब्दाने पुन्हा सांगायचे नसते, आणि शब्दाने मोकळी सोडलेली जागा चित्राने भरायची असते. भाषा अर्धीच उमगणाऱ्या मुलाला चित्र हाच पहिला आधार असतो. तेव्हा हा संयम येथे केवळ कलेचा राहत नाही, तो वाचकाविषयीचा न्याय होतो.

तिसरा धडा छापखान्याचा, आणि लेखकाने तो टाळू नये. कागदाच्या एका तावाच्या घडीतून बहुधा आठ किंवा सोळा पाने निघतात, म्हणून चित्रपुस्तक सोळा, चोवीस वा बत्तीस पानांचे होते. गोष्टीची मांडणी लिहितानाच त्या पानांवर बसवावी लागते. चार रंगांच्या छपाईत खर्चाचा मोठा भाग आरंभीच्या तयारीचा असल्यामुळे प्रती थोड्या निघाल्या तर प्रत्येक प्रत महाग पडते. परंतु मजकूर केवळ काळ्या रंगात ठेवला, तर चित्रांचे रंग तेच ठेवून काळ्याची तेवढी प्लेट बदलता येते, आणि तेच पुस्तक मराठी, तेलुगू व कानडी अशा तिन्ही लिप्यांत निघते. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतून एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांतील मुलांपर्यंत नेण्याचा मार्ग दाखविलाच आहे. उर्दूची गोष्ट मात्र निराळी: ते पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणून चित्रातील धावणारी मुले कोणत्या दिशेने धावतात याचा विचार चित्रकाराने आधीच केला पाहिजे. ज्या तालुक्यात हे चारही वाचक नांदतात, तेथे असे पुस्तक आखणे ही चैन नव्हे, साधी व्यवहारबुद्धी आहे.

या प्रदेशात सामर्थ्याची वाण नाही. नांदेडचे सुरेश सावंत यांना 2025 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 2022 साली शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांनाही 2024 साली हाच पुरस्कार लाभला. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून अखंड निघत आहे. बिलोली तालुक्यातच सगरोळीला 1959 पासून शिक्षणकार्य करणारी संस्था उभी आहे. उणीव आहे ती लेखक, चित्रकार, शिक्षक आणि मुद्रक यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या शिरस्त्याची.

तो शिरस्ता घालणे शिक्षकांच्या, ग्रंथालयांच्या आणि प्रकाशकांच्या आवाक्यातील काम आहे. पुढच्या वर्षी बालग्रंथ काढू पाहणाऱ्या प्रत्येक मराठी प्रकाशकास माझी विनंती आहे, की हस्तलिखित छापखान्यात धाडण्यापूर्वी ते सरहद्दीवरच्या एका शाळेत धाडावे. तेथील मुलांनी मान्य केलेली गोष्ट साऱ्या महाराष्ट्रात वाचली जाईल.