भाकीत आणि भरवसा

मार्च महिन्यातील एका रविवारी सायंकाळी अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा तक्ता जाहीर होतो आणि पुढचे काही दिवस त्या देशातील कचेऱ्या, वसतिगृहे, इतकेच काय, कॉन्व्हेंटसुद्धा एकाच उद्योगात गढून जातात. कोण कोणाला हरवील, हे शेवटच्या सामन्यापर्यंत आधीच लिहून ठेवायचे! मुख्य तक्त्यात 64 संघ. एक हार झाली की गाशा गुंडाळायचा. विजेता ठरेपर्यंत 63 सामने होतात आणि तो तक्ता भरण्याचे एकूण प्रकार मोजू गेल्यास एकोणीस अंकी संख्या येते. 2014 साली वॉरन बफे यांच्या पाठबळाने बिनचूक तक्त्यासाठी शंभर कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. ते कोणाच्याही पदरी पडले नाही.

अशक्य म्हणून माणूस एखादी गोष्ट सोडून देतो असे मुळीच नाही. तेव्हा त्याचे नवल आम्हाला वाटत नाही. आम्हाला प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्यांच्याविषयी हे भाकीत करायचे ती वीस-एकवीस वर्षांची मुले असतात. त्यांचा उद्याचा पराभव आज कागदावर लिहून टाकणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे काय?

संत ऑगस्टिन यांनी मुक्त इच्छेविषयीच्या आपल्या संवादग्रंथात या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला आहे. घडून गेलेली गोष्ट आपल्याला आठवते, म्हणून ती घडली असे नव्हे. तद्वत परमेश्वराला पुढचे ठाऊक असते, म्हणून ते माणसाकडून बळेच घडते असेही नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. परमेश्वराचे ज्ञानही जर मानवाच्या स्वातंत्र्यावर दडपण आणीत नसेल, तर आपल्या पेन्सिलीने ते कसे आणावे? शिवाय आपले भाकीत म्हणजे ज्ञान नव्हेच. पूर्वी घडले त्यावरून बांधलेला तो अंदाज असतो. प्रत्येक विभागातील पहिल्या मानांकनाच्या संघाची गाठ प्रथम सोळाव्याशी पडते. 1985 ते 2017 या 33 वर्षांत असे 132 सामने झाले आणि प्रत्येक वेळी पहिलाच जिंकला. पुढे 16 मार्च 2018 रोजी मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील संघाने, जो सोळावा होता, व्हर्जिनियाला 74-54 असे धूळ चारली. ज्यांनी आपल्या तक्त्यात व्हर्जिनिया लिहिले होते त्यांचा विचार चुकला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे अनुमान योग्यच होते. मैदानावरची मुले मात्र त्या अनुमानाला बांधलेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच व्हर्जिनियाने विजेतेपद मिळविले.

2018 च्याच स्पर्धेतील आणखी एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. शिकागोचे लोयोला हे येशूसंघीय विद्यापीठ. तेथील बास्केटबॉल संघाच्या आध्यात्मिक सेवेची जबाबदारी 1994 पासून सिस्टर जीन डोलोरेस श्मिट यांच्याकडे होती. त्या वेळी त्या 98 वर्षांच्या होत्या आणि चाकांच्या खुर्चीतून सामन्यांना येत. संघ अकराव्या मानांकनाचा. सिस्टरांनीही आपला तक्ता भरला होता, आणि त्यात सोळा संघांच्या फेरीत लोयोलाचा पराभव लिहिला होता!

धर्मभगिनीने आपल्याच मुलांची हार लिहावी, हे काहींना खटकेल. प्रार्थनेवर भरवसा नव्हता काय, असेही कोणी विचारील. आम्हाला तसे वाटत नाही. मुलाला दुसरा वर्ग मिळेल हे आई पुरते ओळखून असते, तरी नोव्हेना चुकवीत नाही. सिस्टर जीन प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूंना पत्र पाठवीत. कोणाचे काय साधले, काय चुकले, हे त्यात असे. सामन्यापूर्वीच्या त्यांच्या प्रार्थनेत प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांचाही उल्लेख येई. अंदाज करण्याचा अधिकार त्यांनी असा डोळसपणे मिळविला होता. ममतेपोटी त्यांनी लोयोलाला विजेते ठरविले असते, तर ती खुशामत झाली असती, आणि तिचे ओझे त्या पोरांच्याच खांद्यावर पडले असते. लोयोलाने मायामीला दोन गुणांनी आणि टेनेसीला एका गुणाने हरविले. मग ज्या फेरीत सिस्टरांनी पराभव लिहिला होता तेथे नेवाडाला 69-68 असे नमविले. सिस्टरांचा तक्ता फसला आणि 1963 नंतर प्रथमच त्यांचा संघ अंतिम चौघांत जाऊन बसला. तेथे मिशिगनने त्यांना हरविले. सिस्टर जीन 2025 साली, 106 व्या वर्षी, प्रभुचरणी विलीन झाल्या.

भाकिताच्या जागी पैज आली की मात्र सारेच पालटते. मे 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना आळा घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि एकामागून एक राज्यांनी दारे उघडली. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात पैज मुळातच अन्यायकारक मानलेली नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेपुरतेही हाती उरले नाही की ती निषिद्ध ठरते. निकष योग्यच आहे; पण त्यातील 'इतर' म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पैज लावणाऱ्याची बायकामुले येतात, बास्केटखाली उभा असलेला मुलगा येत नाही. मुंबईचा मटका आरंभी न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवर चाले. कापसाला त्याचे सुखदुःख नव्हते. येथे पैज केवळ कोण जिंकणार यावर नसते, किती गुणांनी जिंकणार यावरही असते, आणि अमुक खेळाडू किती गुण मिळविणार यावरही असते. म्हणून संघ जिंकतो, मुलगा आनंदाने घरी येतो, आणि शेवटची एक फेक चुकल्याबद्दल अनोळखी माणसांच्या शिव्या आणि धमक्या त्याच्या फोनवर येऊन पडलेल्या असतात. मार्च 2024 मध्ये महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी, निदान एकेका विद्यार्थ्याच्या कामगिरीवर पैजा घेऊ नयेत, अशी राज्यांना विनंती केली. काही राज्यांनी ती मानली.