रोगमुक्ताची काळजी कोणीं वाहावी?

कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली, औषधांचे फेरे संपले, आणि 'आतां खुशाल घरीं जा' असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे मनुष्य एका चमत्कारिक अवस्थेंत येऊन उभा राहतो. त्याच्या अंगांत सांपडण्याजोगा रोग उरलेला नसतो, म्हणून त्यास रोगी म्हणवत नाहीं. आणि मोठ्या आंतड्याचा कर्करोग असल्यास सामान्यतः पांच वर्षें रक्ताची तपासणी, यकृताचीं चित्रें, अधूनमधून दुर्बिणीनें आंतड्याची पाहणी हा क्रम सुटत नाहीं, म्हणून निरोगीही म्हणवत नाहीं. अशा मनुष्याची काळजी कोणीं वाहावी, हा प्रश्न वरवर पाहतां व्यवस्थेचा दिसतो. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा आहे.

हॉलंडांत ह्या प्रश्नाची रीतसर परीक्षा झाली. तेथें बहुतेक प्रत्येकाचा घरचा डॉक्टर ठरलेला असतो, आणि त्याच्या चिठ्ठीवांचून सहसा तज्ज्ञाकडे जातां येत नाहीं. आंतड्याच्या कर्करोगांतून उठलेल्या ३०३ जणांपैकीं कांहींची देखरेख शस्त्रवैद्याकडे ठेविली, कांहींची घरच्या डॉक्टराकडे सोंपविली. आणि दोहोंकडील सुमारें निम्म्यांस 'ऑन्कोकंपास' नांवाचें संगणकीय साधन दिलें. हें साधन थकवा, झोंप, भीति, पोटाच्या तक्रारी यांविषयीं प्रश्न विचारतें आणि उत्तरें पाहून पुढें काय करावें तें सुचवितें. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षअखेर चारही गटांच्या जीवनमानांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यापूर्वीं २००६ सालीं कॅनडांतील ९६८ स्त्रियांविषयीं असेंच दिसलें होतें. स्तनाचा कर्करोग उलटून ओढवलेल्या गंभीर घटना घरच्या डॉक्टराकडे शेंकडा ३.५, तर तज्ज्ञाकडे शेंकडा ३.२.

पारडीं सारखीं राहिलीं म्हणजे वाद मिटला, आतां स्वस्त तें घ्यावें, असें हिशेबी लोक म्हणतील. आम्हांस तर खरा वाद येथेंच सुरू होतोसें वाटतें. घरच्या डॉक्टराकडे जाण्यांत धोका अधिक दिसत नाहीं, एवढेंच आंकड्यांनीं सांगितलें. कोणाचें कोणाशीं काय देणें लागतें, हें ते सांगूं शकत नाहींत.

यंत्राचा एक मोठा गुण प्रथम कबूल केला पाहिजे. शौचावर ताबा राहत नाहीं, दांपत्यसुख उरलें नाहीं, रात्रीं मरणाचे विचार येतात, ह्या गोष्टी यंत्रास सांगतांना लाज आड येत नाहीं. वीस वर्षें घरीं येणाऱ्या, सासऱ्यांच्या स्नेह्यांपैकीं असलेल्या डॉक्टरास त्या सांगणें आपल्याकडील किती सुनांना जमेल? घरच्या डॉक्टराचें गुणगान करण्याची आपल्या वर्गास मोठी हौस. पण ओळखीनें जसा विश्वास वाढतो तसा संकोचही वाढतो, हें त्या भरांत विसरलें जातें.

मात्र अशा साधनांत रोगी जें सांगतो तें बहुधा त्याच्याचकडे परत येतें. त्यास आपणच आपला पहारेकरी व्हावें लागतें. ह्यास स्वावलंबन म्हणतात, आणि शब्द मोठा गोड आहे. पण साध्या खोकल्यानें ज्याच्या पोटांत गोळा उठतो, त्यास आपली धास्ती थोडा वेळ दुसऱ्याच्या हवालीं करावयाची असते. न्यूयॉर्कमधील ७६६ रोग्यांच्या प्रयोगाचें फल २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत यंत्रावर तक्रारी कळविणारे मध्यकाच्या हिशेबानें ३१.२ महिने जगले, इतर २६ महिने. ते रोगी चालू उपचारांतले होते, म्हणून हा दाखला येथें जसाच्या तसा लावतां येत नाहीं. पण तेथें तक्रार बिघडलेली दिसली कीं परिचारिकेस सूचना जात असे, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. यंत्राच्या पलीकडे कोणी माणूस होतें.

आतां आपल्याकडे पाहूं. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथें दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येतात आणि बरे होऊन परततात. परततांना कागदांची पिशवी त्यांच्याजवळ असते, पण गांवच्या डॉक्टरानें ती वाचावी असें त्याच्यावर कोणाचेंच बंधन नसतें. शिवाय 'त्यांना कळूं देऊं नका' ही आपल्या घरांतली नेहमींची विनंती. पहिल्याच प्रश्नांत रोगाचें नांव घेणाऱ्या यंत्रापुढें ती टिकणार नाहीं, आणि ती टिकूं नये असेंच आमचें मत आहे. कारण शौचावाटे रक्त जाणें किंवा वजन उतरणें याचा अर्थ ज्यास ठाऊक नाहीं, तो वेळेवर तोंड कसें उघडील? परंतु तें नांव मनुष्याच्या कानीं प्रथम मनुष्याच्या तोंडून पडावें. संध्याकाळीं दवाखान्यांतली गर्दी ओसरल्यावर, माणूस पाहून, दोन बैठकींत हें सांगणें घरच्या डॉक्टरासच साधेल. त्यानंतर यंत्र हातीं द्यावें, आणि त्यांतलीं उत्तरें डॉक्टरासही दिसावीं. मात्र त्यांतलें काय दाखवावयाचें तें रोग्यानेंच ठरवावें. हा वेळ मोजून त्याचा मोबदला डॉक्टरास मिळण्याची सोय आपल्याकडे बहुधा नसते. तो भेटीगणिक पैसे घेतो. न आलेल्या रोग्याची चौकशी करणें हा त्याचा निव्वळ पदरमोडीचा धर्म ठरतो, आणि तो सर्वांनीं सदैव पाळावा अशी अपेक्षा करणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.