घरची शाळा, कुणाचा पैसा?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यानं २०२२ साली सगळ्यांना मुभा दिली : पोर सरकारी शाळेत न घालता घरी शिकवा, सरकार वर्षाला सुमारे ७,००० डॉलर देईल. मागणारे म्हणतात, कर आम्ही भरतो, शाळा वापरत नाही, आमचा वाटा परत द्या.

दोस्तहो, रातपाळीत साच्यावर उभ्या उभ्या मी विचार केला. कर म्हणजे काय भिशी आहे, आपला नंबर लागला की उचलायची? काडेपेटी घेताना कर मीही भरतो. जोतीबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं हेच मांडलं : पैसा राबणाऱ्यांचा, शिक्षण वरच्यांचं.

घरी शिकवायला आधी घर लागतं, मोकळा वेळ लागतो. माझी आय दुसऱ्यांची भांडी घासते. आणि आमच्या पिढ्या घरीच तर शिकल्या! बाप ढोर ओढायचा, पोर बघायचं. ती घरची शाळा जातीनं चालवली.

शाळेत छळ होतो, खरंय. छळलेलं पोर कुणी घरी शिकवलं तर माझी ना नाही. पण बाबासाहेब गोणपाटावर बसले, ते शाळेतच बसले. ते दार उघडं ठेवायला पैसा लागतो.

मला अजून पोर नाही. तरी माझा पैसा शाळेतच जावा. तिथं दुसऱ्याचं पोर बसलेलं असतं.