उशाशी बसणारे

(शास्त्रभाग : मत्तय २६:३६-४६)

वरील शास्त्रभाग आपण उत्तम शुक्रवारच्या सुमारास दर वर्षी वाचतो. तारणारा गेथशेमाने बागेत गेला तेव्हा त्याने पेत्र व जब्दीचे दोघे पुत्र यांस बरोबर घेतले, आणि त्यांच्यापाशी जे मागितले ते फारच थोडे होते. त्यांनी उपदेश करावा किंवा त्याचे दुःख दूर करावे असे त्याने म्हटले नाही. जवळ राहावे व जागे राहावे, एवढेच. आणि तेवढेही त्यांच्याने झाले नाही.

हा प्रसंग आज आमच्या मनात घोळण्याचे कारण अमेरिकेतील काही वृद्ध रोमन कॅथॉलिक स्त्रीपुरुष होत. शाळा, टपालकचेरी, इस्पितळ इत्यादि ठिकाणी जन्मभर चाकरी करून ही माणसे पेन्शनीत निघाली, आणि आता काही वेतन न घेता मरणोन्मुखांच्या उशाशी जाऊन बसतात. त्या देशात १९८२ सालच्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, मरणोन्मुखांची शुश्रूषा करणाऱ्या ज्या संस्थांस सरकारी मेडिकेअर योजनेतून पैसा मिळतो, त्यांच्या पगारी नोकरांचे रोग्यांच्या सेवेचे जे एकंदर तास होतात, त्यांच्या निदान शेकडा ५ इतके तास स्वयंसेवकांकडून भरून घ्यावे लागतात. याशिवाय दुसरेही एक कारण आहे. १९७० साली तेथे सुमारे ५९,००० कॅथॉलिक याजक होते. अलीकडे ते ३५,००० च्या आसपास उरले आहेत. प्रत्येक बिछान्यापाशी याजक पोहोचणे शक्य नाही. आमच्या ज्या उपदेशकाकडे सात-आठ गावे आहेत त्याला हे वेगळे सांगणे नको.

ऑरेगन राज्यातील युजीन शहरी एक कॅथॉलिक इस्पितळ होते. १९८६ साली पावसाच्या एका रात्री तेथील सँड्रा क्लार्क नामक परिचारिकेला एका वृद्ध रोग्याने, आपल्यापाशी बसाल काय, असे विचारले. इतर रोग्यांस पाहून येते, असे सांगून ती गेली. परत आली तो त्याचा प्राण गेला होता. ती गोष्ट तिच्या मनातून जाईना. शेवटी २००१ साली, कोणीही एकट्याने मरू नये म्हणून स्वयंसेवक पाळीपाळीने बसतील अशी योजना तेथे सुरू झाली, आणि पुढे पुष्कळ इस्पितळांनी ती उचलली. तसे पाहता हे काम जुनेच आहे. फ्रान्सातील लियाँ शहरी जान गार्निए या बाईने, स्वतः पती व लेकरे गमावल्यावर, १८४२ साली विधवांचा एक मेळा याच सेवेकरिता जमविला होता. आपल्याकडे मुंबईस वांद्रे येथे कॅन्सरच्या असाध्य रोग्यांकरिता १९८६ सालापासून कॅथॉलिकांचे शांति आवेदना सदन आहे.

हे स्वयंसेवक पापक्षमा सांगत नाहीत व तैलाभ्यंगही करीत नाहीत. त्यांच्या मंडळीत तो अधिकार याजकालाच आहे. रोग्याची इच्छा असेल तर ते प्रार्थना म्हणतात, नसेल तर गप्प बसतात. मृतांसाठी प्रार्थना इत्यादि बाबतीत त्यांचा व आमचा मतभेद आहे, आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु शेजारी कोण हे सांगताना प्रभूने शोमरोनी मनुष्यच पुढे केला, याचीही आम्हांस आठवण आहे.

आता आमचीच एक गोष्ट कबूल करितो. काही वर्षांपूर्वी एका गावी मंडळीतील एक म्हातारी शेवटच्या दुखण्यात होती. बोलावणे आले ते उशिराच. पाळक घरी आला की मरण आले असे लोक समजतील, या भीतीने मुलांनी चार दिवस काढले होते. ही भीती आपल्या पुष्कळ घरांत आहे, आणि तिच्यामुळे आजाऱ्याला सोबतीची ज्या वेळी अधिक गरज असते त्याच वेळी आपण दार लावून घेतो. आम्ही गेलो, दोन लांब अध्याय वाचले, त्याहून लांब प्रार्थना केली, आणि भोवतालच्या लोकांस स्वर्गाविषयी बोध केला. म्हातारीचे डोळे मिटलेले होते. तिच्या पायथ्याशी शेजारची एक विधवा बसली होती. तिला अक्षरओळख नाही. आमचे संपताच ती उशाशी सरकली, ओल्या फडक्याने तिने म्हातारीचे ओठ पुसले आणि तिचा हात हाती घेतला. तेव्हा म्हातारीने तोंड तिच्याकडे फिरविले.

त्या बाईने तोंडात पाणी ओतले नाही, हेही बरे केले. गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जाते; ओठ ओले करणे पुरे. बेशुद्ध दिसणाऱ्यालाही ऐकू येत असण्याचा संभव आहे, असे वैद्य सांगतात. म्हणून खाटेजवळ जमिनीच्या वाटणीची बोलणी करू नयेत. ती आम्ही ऐकली आहेत.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी पेन्शनीत निघालेले शिक्षक असतील, ज्यांची लेकरे पुण्यामुंबईस गेली अशा मावश्या व आत्या असतील. येत्या पंचांच्या सभेत अशा तिघाचौघांची नावे काढा, आणि रात्रीच्या पाळ्या वाटून द्या. आजार वाढण्यापूर्वीच त्यांचे जाणेयेणे सुरू असू द्या, म्हणजे त्यांच्या पावलांची घरच्यांस धास्ती वाटणार नाही.

त्या रात्री आम्ही दहाच्या सुमारास निघून गेलो. म्हातारी पहाटे गेली. दुसऱ्या दिवशी मूठमाती दिल्यावर आम्ही त्या विधवेस विचारिले, “मावशी, रात्री तुम्ही कोणती प्रार्थना केली?” ती संकोचून म्हणाली, “मला कुठं येती, पाळकसाहेब? ती मधून मधून हात दाबायची, मी पण दाबायची.”