उसना शब्द कोणाचा?

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झिजलेल्या तिथल्या सज्जनांना ते अर्पण केलं आहे. या अर्पणपत्रिकेवर अलीकडे एक आक्षेप मोठ्या आत्मविश्वासानं घेतला जातो. जात आपली, गुलामगिरी तिकडची. जोतीरावांनी परका शब्द उचलला आणि आपल्या समाजाच्या माथी मारला! आक्षेप घेणारे कागदपत्रांचे भोक्ते असतात, तेव्हा त्यांना कागदच दाखवलेले बरे.

चार्ल्स समनर हा मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर. त्याचा प्रचंड पत्रव्यवहार हार्वर्ड विद्यापीठानं जपून ठेवला आहे. गुलामगिरीविरुद्धच्या भाषणाचा सूड म्हणून २२ मे १८५६ रोजी दक्षिणेच्या एका प्रतिनिधीनं त्याला सिनेटच्या सभागृहातच काठीनं झोडपलं. समनर तेव्हा आपल्या मेजाशी लिहीत बसला होता. पुढची तीनेक वर्षं त्याची जागा जवळजवळ रिकामीच राहिली. पण आपल्या वादासाठी महत्त्वाचा आहे तो त्याआधीचा, वकील समनर. १८४९ साली बॉस्टनमधल्या एका काळ्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत घेईनात. तिची बाजू मांडताना त्यानं कोर्टाला दाखला दिला तो हिंदुस्थानातल्या जातींचा. खटला हरला, तुलना मात्र त्यानं सोडली नाही. १८६९ साली ‘जातीचा प्रश्न’ या विषयावर त्यानं अख्खं व्याख्यान दिलं. म्हणजे ‘गुलामगिरी’च्या चोवीस वर्षं आधीच अमेरिकेनं आपली जात उसनी नेली होती. जोतीरावांवरच तेवढी उसनवारीची फिर्याद का?

यावरचा पुढचा पवित्राही ठरलेला असतो: आपल्याकडे गुलामगिरीला थाराच नव्हता. शिवछत्रपतींनी १६७७ साली, कर्नाटकच्या स्वारीत, वलंदेजांना, म्हणजे डचांना, बजावलं होतं की पूर्वीच्या राजवटीत माणसं विकत घेऊन बाहेर नेत होतात, ते आता चालणार नाही. अभिमानानं सांगावा असाच हा कागद आहे, आणि जरूर सांगावा. पण बंदी घालावी लागते ती बाजार भरत असतो म्हणूनच. शिवाय त्यानंतरच्या शतकाचं काय? पेशवे दप्तरात कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, आहेत. त्यांची खरेदी आहे, त्या बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत, बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा केलेल्या बायका आहेत. आज्ञापत्र मिरवायचं आणि दप्तर बांधून ठेवायचं, याला इतिहास म्हणत नाहीत.

तरीही आक्षेपात एक तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. गुलाम आणि अस्पृश्य ही एकच अवस्था नव्हे. गुलाम ही मालकाची रोकड. तो मेला तर धन्याच्या चोपडीत खोट. अस्पृश्याच्या मरणानं कोणाच्याही चोपडीत एक आकडा बदलत नव्हता. गुलामगिरी विक्रीखतावर उभी होती, म्हणून अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं ते खतच रद्द करता आलं. आपल्याकडे १८४३ च्या पाचव्या कायद्यानं ठरवलं की माणसावरची मालकी यापुढे कोर्टं मानणार नाहीत. कुणबिणीला त्याचा काही उपयोग होता. महाराच्या जातीचं विक्रीखतच नव्हतं. कोर्टानं फाडायचं काय? तेव्हा जोतीरावांचा शब्द अंमळ चुकला हे मला मान्य आहे. तो भडक झाला म्हणून नव्हे, कमी पडला म्हणून.

किती कमी पडला हे पाहायला हार्वर्डला जायला नको. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. त्यांतलं मधलं २९ ऑगस्ट १८६८ चं, नायगावहून लिहिलेलं. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम जमलं, तिला दिवस जाऊन सहा महिने झालेले. गावानं दोघांना मारझोड करत धिंड काढली. शेवट जीव घेण्यातच व्हायचा होता. शारजेवर कोणाची मालकी नव्हती, तिला कोणी विकत घेतलं नव्हतं, तरी तिचा जीव घ्यायचा हक्क सगळ्या गावाला होता. सावित्रीबाई धावत गेल्या आणि त्यांनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला. समनरनं आयुष्य घालवलं ते कायदा घडवण्यासाठी. नायगावात कायदा पोचला एका बाईच्या तोंडून, आणि तिथं ना सिनेट होती ना शिपाई. जमाव वरमला, पण दोघांनी गाव सोडावं ही अट घालूनच. पत्राच्या शेवटी सावित्रीबाई जोतीरावांना कळवतात, की या दोघांना तुमच्याकडे पाठवत आहे.