चित्र आणि साक्ष

वर्धा जिल्ह्यांतील आष्टीसारख्या गांवीं एखादा ख्रिस्ती चित्रकार शाळेंत पाहुणा आला आणि फळ्यावर चांगला मेंढपाळ काढूं लागला, तर मुलें कौतुकानें पाहतील. त्यानें आपला विश्वासही त्यांस सांगावा काय?

बसालेलास कारागिरी देवाच्या आत्म्यानें दिली, असें निर्गमाच्या ३१ व्या अध्यायांत आहे; तेव्हां कला साक्षीस अयोग्य नव्हे. परंतु वर्गांतील मूल उठून जाऊं शकत नाहीं. सरकारमान्य शाळेंत पालकांच्या संमतीवांचून मुलास धर्मशिक्षण घ्यावयास लावूं नये, असें संविधानाचें २८ वें कलम सांगतें. ज्या आष्टीनें १६ ऑगस्ट १९४२ रोजीं स्वातंत्र्यासाठीं रक्त सांडलें, तेथील मुलांचें मनही मोकळें राहावें.

कोणी म्हणेल, “संधि पुन्हा येणार नाहीं.” आम्हांस ही घाई विश्वासाची वाटत नाहीं. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांनीं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून साडी नेसलेली मरिया रंगविली. गोव्यांत विरोध झाला, तरी ते रंगवीत राहिले. त्यांचें चित्र कोणाचा हात धरीत नाहीं. तें पाहणाऱ्याची वाट पाहतें.

म्हणून बंधुभगिनींनो, पाहुण्यानें मन लावून चित्र काढावें, मुलानें विचारल्यास खरें तें सांगावें. बक्षिसाची लालूच किंवा भय मध्यें आणूं नये. होल्मन हंट ह्या इंग्रज चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रांत प्रभु दार ठोकीत उभा आहे. त्या दारास बाहेरून कडी नाहीं. तें आंतूनच उघडावें लागतें.